पडवीतला पाखोम

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आणि लिओ टॉलस्टॉयचा जन्मही त्याच सालचा. आमच्या घरी टॉलस्टॉय आला तो मात्र एका दाव्यामुळे. शेजाऱ्यांनी गडगा हातभर आमच्या कलमांत सरकवला, असं आजोबांचं म्हणणं. उलट तुम्हीच आमच्यात शिरलात, असं त्यांचं. आजोबा तारखेला शहरात जात, तारीख पुढची पडे आणि एसटी सुटेपर्यंतचा वेळ ते वाचनालयात काढत. येताना पिशवीत पुस्तक असे. अशाच एका पुस्तकातून पाखोम आमच्या पडवीत आला.

'माणसाला जमीन लागते तरी किती?' ही १८८६ सालची गोष्ट. भरपूर जमीन असती तर सैतानालासुद्धा भ्यालो नसतो, असं पाखोम नावाचा शेतकरी बोलून जातो आणि चुलीमागे बसलेला सैतान ते ऐकतो. मग पाखोम थोडी जमीन घेतो. लगेच लोकांची गुरं तिच्यात शिरू लागतात. दंड, फिर्यादी, गावात सगळ्यांशी वाकडं. इथे गोष्ट सांगणारे आजोबा सुपारी कातरायचे थांबत आणि गडग्याकडे बघत. पुढे व्होल्गापलीकडे आणखी जमीन आणि शेवटी बाश्किरांचा मुलूख. हजार रूबल मोजायचे, दिवसभरात चालून वेढाल तेवढी जमीन तुमची. अट एकच, सूर्य मावळायच्या आत निघाल्या जागी परत यायचं.

या चालण्यातला एक ओलसर, खोलगट तुकडा मला अजून आठवतो. पाखोमनं खरं तर आता वळायला हवं. पण तो तुकडा समोर दिसतो. इथे जवस काय सुरेख येईल! सोडवत नाही. त्यालाही वळसा घालून तो पलीकडे फावड्यानं खूण करतो. आजोबा जवसाच्या जागी भात घालत, तेवढ्यावर खळ्याच्या कडेला बसलेला गडी कळवळून ओरडे, "अरे मेल्या, सूर्याकडं बघ की!" पाखोम बूट फेकून धावतो, टेकडी गाठतो आणि तिथेच कोसळतो. त्याच्याच फावड्यानं नोकर खड्डा खणतो. डोक्यापासून टाचेपर्यंत सहा फूट.

जेम्स जॉइसनं मुलीला लिहिलेल्या पत्रात या गोष्टीला जगातली सर्वश्रेष्ठ ठरवलं. चेखवनं १८९८ साली 'गूजबेरीज'मध्ये एका पात्राकडून उलटा टोला हाणला, की सहा फूट लागतात ते प्रेताला, माणसाला अख्खी पृथ्वी हवी. दोघेही थोरच. तरी मला विचाराल तर या गोष्टीला खरी दाद कोकणानं द्यावी. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली, गुंठ्यागुंठ्यात अडकलेला जीव काही सुटला नाही. सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, आणि एका फणसाला चार वाटेकरी! टॉलस्टॉयलाही हा मोह परका नव्हता. त्यानं स्वतः १८७१ साली, पाखोम गेला त्याच बाजूला, समारा प्रांतात, मोठी जमीन विकत घेतली होती. म्हणूनच की काय, पाखोमला तो कुठेही दुष्ट ठरवत नाही. लोभी म्हणावं, तर बिचारा दिवसभर उन्हात राबतोच आहे.

आजोबांनी दावा मागे घेतला का? छे! ते गेले तेव्हाही पुढची तारीख लागलेली होती. गोष्ट मात्र दर मे महिन्यात रंगायची, आणि ज्यांच्याशी दावा, ते शेजारकाकाही कपबशी घेऊन ऐकायला बसायचे. शेवटाला दोघेही एकदमच "अरेरे" म्हणत, आणि दोघांनाही त्यात आपला काही संबंध दिसत नसे.

गणपतीत अर्धवट राहिलेली वाटणीची बोलणी आता दिवाळीत पुन्हा निघतील. फराळाची ताटं मांडण्याआधी घरातल्या कुणीतरी ही गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवा. पाऊण तासात संपते.