वाऱ्याला आडोसा

मोटारसायकलचा विषय निघाला की आमच्या महाविद्यालयाच्या आवारात दोन तट पडतात. विद्यार्थ्यांचा तट वेगाविषयी बोलतो आणि प्राध्यापकांचा ॲव्हरेजविषयी. पन्नाशीला टेकलेल्या एखाद्याने या दोन्ही तटांबाहेर उभे राहून, 'गाडी बसायला कशी आहे आणि वारा किती लागतो?' असा तिसराच प्रश्न विचारला, तर दोन्हीकडून हसू ऐकू येते. गेली दोन वर्षे मी हा प्रश्न विचारीत आलो आहे. उत्तर शोधता शोधता जे हाती लागले ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवतो. त्यात कुणाला गाडीची माहिती मिळेल, कुणाला पदार्थविज्ञानाचा एखादा धडा. माझे कारण मात्र घरगुती आहे.

माझी आई बासरला राहते. बासर म्हणजे गोदावरीकाठचे सरस्वतीचे गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडते. लहान मुलांना अक्षरारंभासाठी तिथे लांबून लांबून आणतात. मी नोकरीनिमित्त बिदरला. दोन्ही गावांमधले अंतर दीडशे किलोमीटरहून थोडे अधिक. रेल्वेने जायचे तर परळी, परभणी, नांदेड असा मोठा वळसा पडतो आणि एस.टी.ने जायचे तर दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते. शनिवारी दुपारी तास संपवून निघालेला माणूस रात्री जेवणे आटोपल्यावर पोचतो आणि रविवारी परतीच्या गाडीसाठी दुपारीच पिशवी उचलतो. मोटारसायकलने औराद, देगलूर, बिलोली या वाटेने निघालो की चहाचे थांबे धरूनही दिवेलागणीला पोचता येते. या वाटेवर मांजरा नदी सोबतीला असते. बिदरजवळ आपण तिला ओलांडतो, आणि तीच नदी बासरच्या थोडे वर कंदकुर्तीला गोदावरीस मिळते.

'मोटार का घेत नाही?' असे स्नेही विचारतात. दोन मुलांची शिक्षणे चालू असलेल्या मास्तराला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही; विचारणाराच जरा वेळाने गप्प होतो.

तीन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. हातपाय सुधारले, पण वाचा पुरती पूर्ववत झाली नाही. ती बोलते, मात्र आवाज अगदी बारीक, शब्द एकमेकांना चिकटलेले आणि वाक्याचा शेवट ओठांतल्या ओठांत. ऐकणाऱ्याने जवळ बसून, कान देऊन ऐकावे लागते. माझी अडचण इथेच होती. जुन्या साध्या मोटारसायकलवर साडेतीन-चार तास उघडा वारा खाऊन मी घरात शिरलो की कानांत बराच वेळ शिट्टी वाजत राही. आई काही सांगे, मी 'काय?' म्हणे, ती पुन्हा सांगे, मी पुन्हा 'काय?' म्हणे. तिसऱ्या वेळी ती हात हलवून 'जाऊ दे' अशी खूण करी. एकूण मुक्काम एका रात्रीचा, आणि त्यातली संध्याकाळ अशी जाई.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की कान शाबूत आहेत, थकतात. मोटारसायकल ताशी ८० किलोमीटरने धावत असली, तर हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांच्या पाळीला जी मर्यादा घातलेली असते, ती हीच. इतका आवाज काही तास सोसल्यावर कानांना तात्पुरती बधिरता येते आणि ती सर्वांत आधी बारीक आवाजांनाच मुकवते. आईचा आवाज नेमका त्या जातीचा. कानांत बोळे घालण्याचा सल्ला त्यांनी दिला, तो मी पाळतो. पण वाऱ्याचेही काही करावे, असे त्या दिवशी मनाने घेतले.

गाडी बदलायचीच होती. आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून येझदी येते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून ती निघे आणि तो कारखाना १९९६ साली बंद पडला. मला हवी होती ती मात्र क्रूझर जातीची, म्हणजे लांबट बांध्याची, बुटक्या बैठकीची, पाय पुढे सोडून निवांत चालवायची गाडी. बजाजने कावासाकीच्या साह्याने २००१ साली एलिमिनेटर काढली आणि २००५ साली तिच्याच वळणाची ॲव्हेंजर आली. रॉयल एनफील्डची थंडरबर्ड २००२ ची, तर मीटिअर ३५० ही २०२० च्या नोव्हेंबरातली. मीटिअरच्या सुपरनोव्हा या प्रकाराला समोर काच आणि मागे पाठटेका कारखान्यातूनच मिळाला. ती गाडी भारदस्त खरी, पण १९१ किलो वजन आणि ७६५ मिलिमीटरची बैठक माझ्या सव्वापाच फुटी देहाला चढावर पाय टेकताना जड वाटली. ॲव्हेंजर २२० ची बैठक ७३७ मिलिमीटर आणि वजन पंचवीस-तीस किलोंनी कमी. एका निवृत्त गृहस्थांनी जपून वापरलेली ॲव्हेंजर मिळाली, ती मी घेतली. काच तिला नव्हती.

आरामाविषयी इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्रूझर म्हणजे आराम, असे आपण धरून चालतो. ते अर्धे खरे आहे. साध्या मोटारसायकलवर पाय शरीराखाली असतात. खड्डा आला की आपण नकळत पायांवर भार घेऊन किंचित उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे तसे उठता येत नाही. सगळा भार माकडहाडावर असतो आणि धक्का सरळ कण्यात शिरतो. गुळगुळीत हमरस्त्यावर पाय लांब सोडून बसणे सुखाचे, पण आपल्याकडच्या जिल्हा मार्गांवर तीच बैठक पाठ मोडते. या जातीच्या सर्वच गाड्यांचा हा धर्म आहे.

बिदरच्या जुन्या शहरात सीट शिवणारे एक उस्ताद आहेत. मी कमरेची तक्रार सांगितल्यावर ते दक्खनीत म्हणाले, "साब, कमर गाडी से नै दुखती, बैठक से दुखती." त्यांनी सीटचे कव्हर उसवले, मऊ फोम काढून खाली दाट फोमचा थर दिला, वर थोडा नरम ठेवला आणि मागच्या बाजूला जराशी उंची दिली, म्हणजे कमरेला मागून आधार मिळावा. फार मऊ फोम तासाभरात दबतो आणि मग आपण खालच्या पत्र्यावरच बसलेलो असतो, हे त्यांचे म्हणणे मला पुढे औरादच्याही अलीकडे पटले. मागच्या स्प्रिंगांचा ताण माझ्या वजनाप्रमाणे करून घेतला. हँडल बदलले नाही. त्याचे बोल्ट सैल करून ते किंचित मागे कलवले, एवढ्याने खांदे सैलावले.

विद्यार्थी मित्रांना एक सूचना. गाडी सजवण्याच्या भरात तिचा मूळ सांगाडा, इंजिन किंवा कारखान्याने ठरवलेली मापे बदलू नयेत. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम त्याच्या आड येते आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे. मी केले ते सारे शिवणकाम आणि बोल्ट आवळण्याच्या हद्दीतले.

राहिला वारा. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० चे ८० केले की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो. पुढे वाकून बसणाऱ्याला तो छातीखाली थोडा आधार तरी देतो. क्रूझरवाला ताठ बसतो आणि शिडासारखा वारा धरतो. त्याला हँडलला लोंबकळल्यासारखे धरून बसावे लागते आणि दंड भरून येतात. म्हणून या गाडीला आडोशाची गरज इतरांहून अधिक. परदेशात या गोष्टीचा विचार पूर्वीच झाला. अमेरिकेत क्रेग व्हेटर यांनी १९७० च्या दशकात कुठल्याही मोटारसायकलला पुढून बसवता येईल असा आडोसा विकून नाव मिळवले, आणि १९७६ साली बी.एम.डब्ल्यू.ने आर १०० आर.एस. ही गाडी काढली, तिचे कवच इटलीत पिनिनफारिनाच्या वातबोगद्यात तपासून ठरवलेले होते.

आमच्याकडे वातबोगदा कुठला? पण पदार्थविज्ञानाचे आमचे सहकारी म्हणाले, "सर, लोकरीचा गुंडा आणा." त्यांनी हेल्मेटवर, माझ्या खांद्यांवर आणि काचेच्या वरच्या कडेला लोकरीचे वीत वीत लांबीचे धागे चिकटपट्टीने लावले. रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर मी गाडी चालवीत होतो आणि तृतीय वर्षाचे दोन विद्यार्थी शेजारच्या गाडीवरून, मागे बसलेल्याच्या हाती मोबाइल देऊन, धाग्यांचे चित्रण करीत होते. वेगवेगळ्या उंचीच्या तीन काचा एका दुकानदाराने परत करण्याच्या बोलीवर दिल्या होत्या.

धाग्यांनी जे दाखवले ते कुणाच्या अंदाजात नव्हते. काच नसताना हेल्मेटवरचे धागे सरळ मागे उडत होते. बुटकी काच लावल्यावर छातीवरचे धागे शांत झाले, पण हेल्मेटवरचे गिरक्या घेऊ लागले आणि आवाज उलट वाढला! काचेच्या कडेवरून उसळलेला वारा भोवरे होऊन नेमका कानांवर आदळत होता. सर्वांत उंच काचेमागे सगळेच धागे निपचित पडले. मात्र तिच्यातून पाहावे लागे, आणि समोरच्या दिव्यांचा प्रकाश काचेवर फुटू लागला तर रात्री रस्ता दिसणार नाही. शिवाय आडवा वारा आला की पुढचे चाक ढकलले जाई. मधली काच अशी, की तिची कड माझ्या नाकाच्या रेषेत येई. दृष्टी काचेवरून जाई आणि वारा हेल्मेटच्या माथ्यावरून. तिचा कल दोनदा बदलला, तिच्या खाली दिव्याजवळ तीन बोटांची फट ठेवली, म्हणजे मागे पोकळी होऊन वारा पाठीकडून ओढणार नाही. मग हेल्मेटवरचे धागेही बरेचसे निवांत झाले.

काच पॉलिकार्बोनेटची आहे. ती सहज फुटत नाही, पण तिला ओरखडे लवकर पडतात. धूळ कोरड्या फडक्याने पुसायची नाही, आधी पाणी ओतायचे. धर्माबादच्या मिरची बाजाराच्या दिवसांत हे फार उपयोगी पडते. तो खाट काचेवर बसला तर बसो, डोळ्यांत तरी जात नाही.

त्या काचेसह मी पहिल्यांदा बासरला पोचलो तेव्हा आई ओट्यावर बसली होती. गाडीकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "मोटारसायकलीला खिडकी लावलीस होय रे?" मी अंगणात होतो, ती दहा हात दूर. तिचे वाक्य मला पहिल्या खेपेला, शेवटच्या शब्दासकट ऐकू आले.

रात्री जेवणानंतर मी नेहमीचा विषय काढला: बिदरला चल, सुनेला तुझी काळजी असते, दवाखाना जवळ आहे. एरवी या विषयावर ती नुसती मान हलवी. त्या रात्री ती बोलली. बारीक आवाजात, थांबत थांबत, पण सगळे बोलली. शेजारच्या अक्का तिच्या चाळीस वर्षांच्या ओळखीच्या. तेलुगूत एक शब्द अडला तर त्या पुढचा शब्द स्वतःच उचलतात. तिला काय हवे ते डोळ्यांवरून ओळखतात. "तिकडं आले तर दूधवाल्यालाबी चारदा सांगावं लागंल. चारदा सांगायचं बळ न्हाई राह्यलं बाळा. म्हणून मी गप बसंन. अन् एकदा गप बसले की मग बसलेच."

आईचा हट्ट घरासाठी, दारातल्या तुळशीसाठी असेल असे आम्हा सर्वांना वाटे. बिदरला येऊन मुकी होण्याचे भय तिला होते, हे तोवर घरात कुणालाच माहीत नव्हते. मी तो विषय तिथेच मिटवला. बायकोला फोन करून सांगितले, की आई इथेच राहील आणि मी येत राहीन. तीही क्षणभर थांबून म्हणाली, "मग बरोबरच आहे."

तेव्हापासून शनिवारचा हा नेम अधिक पक्का झाला आहे. पाऊण-एक तासाला थांबायचे, पाठ सरळ करायची, ताशी ७० च्या वर जायचे नाही आणि अंधार पडण्याआधी पोचायचे. आता पावसाळा तोंडावर आहे. काच छाती आणि मान सांभाळते, पण हातांचे पंजे उघडेच राहतात. हँडलवर पंजांसाठी छोटे आडोसे बसवावेत, असा विचार चालू आहे. लोकरीचा गुंडा पदार्थविज्ञान विभागाच्या कपाटात आहे. आणखी कुणाला आपली गाडी तपासायची असल्यास त्याने खुशाल मागून न्यावा.