दीवची उधारी

आमच्या भटक्या मंडळींचा एक नियम आहे. दर हिवाळ्यात पाच जणांनी मिळून एक गाव गाठायचे आणि तेथे प्रत्येकाने आपल्या हौसेची एकच जागा सांगायची. ती जागा कितीही भिकार निघाली तरी बाकीच्या चौघांनी तोंड वाकडे न करता तेथे जायचे. या नियमापायी आम्ही एका गावी बंद पडलेल्या छापखान्यापुढे तासभर उभे राहिलो आहोत, आणि दुसऱ्या गावी जिलबीची तीन दुकाने पालथी घातली आहेत.

मंडळी म्हणजे कोण? इतिहास शिकवून निवृत्त झालेले आमचे मास्तर. त्यांची पांढरी दाढी छातीपर्यंत पोचते. बँकेत चाळीस वर्षे काढलेले भाऊसाहेब. हे अजूनही चहाच्या टपरीवर पावती मागतात. भाऊसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. यांच्या डब्यातला चिवडा परतीच्या प्रवासापर्यंत पुरतो. मडगावचे माहेर आणि पुण्याचे सासर असलेल्या ताई. आणि पाचवा मी.

ताईंनी अकरा वर्षांत एकदाही आपली जागा सांगितली नव्हती. "तुम्ही न्याल तेथे मी," एवढेच म्हणायच्या. गेल्या वर्षी मात्र त्या आपणहून म्हणाल्या, "यंदा दीवला जाऊ. आणि यंदा मला एक गल्ली बघायची आहे." कुठली गल्ली, ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

मुंबईहून वेरावळपर्यंत रेल्वे आणि पुढे उन्यावरून मोटार. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, एका चिंचोळ्या खाडीपलीकडे हे बेट आहे. चाळीसेक चौरस किलोमीटरचा तो इवलासा जिल्हा. गुजरात राज्य जन्मल्यापासून तेथे दारूबंदी आणि दीव पडले केंद्राच्या अमलाखाली. त्यामुळे नाका ओलांडताच दुकानांच्या पाट्यांचा नूर एकदम पालटतो. आमच्या मोटारीतले दोन सहप्रवासी, जे उन्यापर्यंत शेंगदाण्याच्या भावावर गंभीरपणे बोलत होते, ते पूल लागताच गाणे म्हणू लागले. भाऊसाहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवले.

पण दीवची गंमत त्या दुकानांत नाही. माणसे गुजराती बोलतात, ओट्यावर बसून भाजी निवडतात, आणि त्यांच्या डोक्यावर खिडकी असते ती थेट पोर्तुगीज घाटाची. झांपा दरवाजाच्या आत शिरले की दगडी सिंह आणि पंख लावलेले देवदूत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. तीन जुनी चर्चे आहेत. त्यांपैकी एकात आता वस्तुसंग्रहालय आहे आणि एकात इस्पितळ चालत आले आहे. रस्त्यांच्या कडेला होक्याची झाडे दिसतात. हे ताडाचेच भावंड, पण ताड सरळसोट वर जातो, तर याला मध्येच फांद्या फुटतात. हे झाड आफ्रिकेतून आले असे गावकरी सांगतात. सिद्दी लोकांची घरेही येथे आहेत, म्हणजे माणसे तरी तिकडून आली हे खरेच.

पहिला दिवस मास्तरांचा. त्यांची जागा किल्ला, हे सांगायलाच नको. बेटाच्या पूर्व टोकाला तीन बाजूंनी समुद्र घेऊन हा किल्ला बसला आहे. तटावर गंजलेल्या तोफा अजून समुद्राकडे तोंड करून आहेत. आत तुरुंगही होता. काही वर्षांपूर्वी त्यात एकच कैदी उरल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. "एका कैद्याला एवढा किल्ला!" वहिनी म्हणाल्या, "आम्हाला मुंबईत दोन खोल्या मिळता मिळेनात."

मास्तरांनी तटावर बैठक मारली आणि वर्ग सुरू केला. १५०९ साली याच पाण्यात पोर्तुगीजांनी इजिप्त, गुजरात आणि कालिकतचे एकवटलेले आरमार मोडले. तरी बेट हाती यायला १५३५ उजाडले. हुमायूनच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने मदतीच्या बदल्यात त्यांना येथे किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांत पश्चात्ताप करण्याची पाळी आली. १५३७ मध्ये पोर्तुगीजांना भेटायला गेलेला हा सुलतान येथेच समुद्रात मारला गेला. १५३८ साली तुर्की आरमार चालून आले आणि परत गेले. १५४६ साली गुजरातच्या फौजेने महिनोन्‌महिने वेढा दिला. तो उठवायला गोव्याहून जुआंव द कास्त्रु हा गव्हर्नर स्वतः आला. वेढा उठला, पण किल्ल्याचा चुराडा झाला होता आणि तिजोरीत दमडी नव्हती.

"मग त्याने काय केले?" मास्तरांनी विचारले, आणि उत्तरासाठी भाऊसाहेबांकडे पाहिले.

"कर्ज काढले असेल."

"बरोबर. गोव्याच्या नगरसभेकडे २०,००० परदाव मागितले. तारण काय? त्याचा तरुण मुलगा फर्नांदु याच वेढ्यात सुरुंगाच्या स्फोटात मेला होता. त्याच्या अस्थी तारण म्हणून पाठवाव्यात असे बापाच्या मनात होते. पण त्या पाठवण्याजोग्या अवस्थेत नव्हत्या. तेव्हा त्याने आपल्या दाढीचे केस कापले आणि पत्रासोबत पाठवून दिले."

"आणि कर्ज मंजूर झाले?" भाऊसाहेबांचा विश्वास बसेना.

"झाले. गोवेकरांनी पैसे पाठवले, आणि दाढीही परत केली."

"मास्तर, तुमच्या दाढीवर आमच्या शाखेने तुम्हाला चहा पाजला नसता," भाऊसाहेब म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो. ताई हसल्या नाहीत. त्या खाडीकडे पाहत होत्या. खाडीच्या तोंडाशी पाणीकोठा नावाचा दगडी कोट नांगर टाकलेल्या गलबतासारखा उभा आहे. ती माझी जागा होती, पण त्या वेळी मला तिचे काही वाटेना.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी गंगेश्वर दाखवला. फुदम गावाजवळ खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगे आहेत आणि भरतीची लाट आपणच येऊन त्यांना स्नान घालते. पुजाऱ्याचे निम्मे काम समुद्राने पत्करले आहे. दुपारी भाऊसाहेबांच्या आग्रहाखातर नायडाच्या गुहा पाहिल्या. किल्ल्यासाठी दगड काढता काढता त्या झाल्या, असे सांगतात. भाऊसाहेब म्हणाले, "काढलेला माल तिकडे आणि खड्डा इकडे. दोन्ही बाजू जमल्या."

संध्याकाळी खुखरीच्या स्मारकाशी बसलो. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुखरी युद्धनौका या समुद्रात बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. टेकडीवर काचेच्या पेटीत त्या नौकेची प्रतिकृती ठेवली आहे आणि समोर तोच समुद्र.

ताई म्हणाल्या, "त्या वर्षी मी येथेच होते. आठ वर्षांची."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, तेव्हा गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला, आणि १९८७ पर्यंत दीवचा कारभार पणजीहून चालला. ताईंचे वडील गोवा सरकारात कारकून होते. १९७० साली त्यांची बदली दीवला झाली. मडगावातले लोक भेटायला आले ते जणू अंदमानला निघालेल्या माणसाला भेटायला यावे तसे. येथे त्यांनी एका शेठच्या घरात मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केले.

"काळोख करायचा हुकूम होता," ताई सांगत होत्या. "बाबा गच्चीवर उभे राहून समुद्राकडे पाहत. आई खाली अंधारात आम्हाला थोपटी. पुढल्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. इस्पितळासाठी बाहेर न्यायचे तर हाती पैसे नाहीत. शेठने ३०० रुपये काढून दिले. कागद नाही, साक्षीदार नाही. बाबांनी आईच्या बांगड्या पुढे केल्या, तर शेठ म्हणाले, 'साहेब, बाईंच्या हातांत राहू द्या.'"

आई बरी झाली. १९७३ साली परत गोव्याला बदली झाली. वडिलांनी तिकडून मनीऑर्डरने २४० रुपये फेडले. शेवटचे ६० रुपये १९७५ साली पाठवले, ते परत आले. ताईंनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. त्यावर पोस्टमनचा शेरा होता: मालक परदेशी गेले.

"बाबा १९९४ मध्ये वारले. हा कागद त्यांच्या पंचांगात होता."

भाऊसाहेबांनी खिशातून पेन काढले. पन्नास वर्षे, दरसाल आठ टक्के, चक्रवाढ. "दोन हजार आठशे चौदा रुपये," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या हिशेबाला कोणी हसले नाही.

तिसरा दिवस ताईंचा. झांप्याच्या आतल्या गल्ल्या एकीत एक गुंतलेल्या, आणि पन्नास वर्षांत रंगही बदललेले. ताई तीनदा चुकल्या. चौथ्यांदा एका लाकडी सज्जाखाली थबकल्या. सज्जाच्या कोपऱ्यात लाकडी पोपट कोरलेला होता. "याची चोच मी मोडली होती," त्या म्हणाल्या. चोच खरोखरच नव्हती. दाराला मात्र कुलूप होते.

अशी कुलपे आम्हाला गावात जागोजाग दिसली होती. दीवचे वाणी शेकडो वर्षे मोझांबिकशी व्यापार करीत आले. येथून कापड न्यायचे आणि तिकडून हस्तिदंत आणायचा. १६८६ साली त्यांच्या कंपनीला या व्यापाराचा मक्ताच मिळाला होता. अगदी परवापरवापर्यंत घरटी एखादा तरी माणूस आफ्रिकेत असे. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाले आणि त्यांतले पुष्कळ लोक लिस्बनला गेले. १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. त्या वाटेनेही कितीतरी माणसे बाहेर पडली. राजा गेला, पण त्याचा कागद कामाला येतो आहे.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी बाई गहू निवडत होती. ताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि मोडक्या गुजरातीत बोलू लागल्या. म्हातारीने सूप बाजूला ठेवले, कपाळावर हात धरून पाहिले.

"गोवावाळा साहेबनी दीकरी?"

ताईंना पुढे बोलता येईना. बांनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवले. शेठ लिस्बनलाच वारले होते. त्यांचा थोरला मुलगा दोनतीन वर्षांनी दिवाळीला येतो, महिनाभर दार उघडतो, पुन्हा कुलूप लावतो. किल्ली बांकडे असते. रोज तिन्हीसांजेला त्या त्या उंबऱ्यावर दिवा ठेवतात.

ताईंनी दोन पाकिटे पुढे केली. एकात ६० रुपये होते, दुसऱ्यात भाऊसाहेबांचा आकडा. दोन्हींचा अर्थ समजावून सांगितला. बांनी पहिले पाकीट घेतले, पदराच्या गाठीत बांधले. दुसरे परत ताईंच्या मांडीवर ठेवले.

"शेठने साहेबांकडून व्याज घेतले असते," त्या म्हणाल्या, "तर साहेब या घरात तीन वर्षे राहिले असते का?"

मास्तर मागे उभे होते. ते नकळत आपल्या दाढीवरून हात फिरवू लागले. भाऊसाहेबांनी ते पाहिले आणि काही बोलले नाहीत.

मग चहा झाला. वहिनींचा चिवडा प्रथमच पूर्ण संपला. बांनी आपणहून किल्ली आणून दार उघडले. मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात तेलाचा जुना डाग. ताई तेथे पाच मिनिटे एकट्या थांबल्या. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. आजवर पाहिलेल्या किल्ल्यांपुढे आम्ही इतके गप्प कधी झालो नव्हतो.

दुपारी परतीची मोटार पुलावर आली. भरती होती, पाणीकोठ्याच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. माझी जागा लांबूनच पाहून झाली. भाऊसाहेब बराच वेळ चुळबुळ करीत होते. अखेर राहवले नाही.

"ताई, राग मानू नका. पण बांकडून पैसे पोचल्याचा कागद घेतलात ना?"

"नाही."

"अहो, निदान दोन ओळींची पावती तरी..."

"भाऊसाहेब," ताई म्हणाल्या, "शेठने घेतली होती का?"

भाऊसाहेबांनी पेन खिशात ठेवले. उन्याच्या स्टँडवर त्यांनी आम्हा सर्वांना चहा पाजला आणि पावती न मागता पैसे दिले.