श्वासाची नळी

मागच्या वर्षी रमजानच्या आधी मस्कतहून धाकट्या भावाचा फोन आला. ईदला येणार होता. दर खेपेला तो विचारतो, "आपा, काय आणू?" आणि मी म्हणते, "तू ये, तेवढं पुरे." या वेळी माझ्या बारा वर्षांच्या मुलाने फोन हिसकावला आणि म्हणाला, "मामू, मला स्नॉर्केल पाहिजे. मलाही तुमच्यासारखे मासे बघायचेत."

भाऊ गेली दोन वर्षं सुटीच्या दिवशी तिकडच्या समुद्रात तोंडाला नळी लावून पोहतो. अलीकडे श्वास रोखून खाली जायचं आणि भाल्याने मासा टिपायचा, हेही शिकू लागला आहे. तो हसून म्हणाला, "नळ्या दहा प्रकारच्या असतात. तू सायन्सची टीचर, निवड तूच कर. ईदनंतर मालवणला जाऊ."

अब्बा बाजूलाच बसले होते. चहा तसाच ठेवून ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. भाईंदर पूर्वेच्या आमच्या खिडकीतून फक्त समोरची इमारत दिसते. तरी ते बराच वेळ तिथेच होते.

आमच्या घरात दर्याचा विषय निघत नाही. आम्ही मूळचे रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचे, दालदी मुसलमान. पिढ्यान् पिढ्या मासेमारी हाच धंदा. 1983 साली अब्बांचा धाकटा भाऊ दर्यात गेला. बोटीच्या पंख्यात दोर अडकला होता. चाचा तोंडात सुरी धरून खाली उतरले. दोनदा वर आले, दम घेतला, तिसऱ्यांदा गेले ते आलेच नाहीत. तांडेल अब्बांचा मामेभाऊ होता. त्याने घाईने इंजिन सुरू केलं असणार, असं कोणीतरी म्हणालं आणि ते वाक्य घरात कायमचं राहिलं. तो कुराणावर हात ठेवून नाही म्हणाला, पण दोन घरांतलं जाणं-येणं तुटलं. त्याच वर्षी अब्बा मुंबईला आले, गोदामात नोकरीला लागले आणि आमच्यापैकी एकालाही पोहायला शिकू दिलं नाही. जेसल पार्कच्या चौपाटीवर खाडीकडे तोंड करून बसलो, तरी ते म्हणायचे, "मागे सरका."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते, घरी कोकणी बोलते आणि लिहिते मराठीत. तीन भाषा येतात, पण पाण्यात चार हात मारता येत नाहीत. अशा बाईने स्नॉर्केल निवडायचं! भावाने त्याच्या शिकवणीच्या पुस्तकातल्या पानांचे फोटो पाठवले. मी ते पेपर तपासावेत तसे वाचायला घेतले.

पहिलाच अडसर शब्दाचा. स्नॉर्केलला उर्दूत काय म्हणावं? "सांस की नली" म्हणावं, तर आठवीच्या धड्यात तो शब्द गळ्यातल्या श्वासनलिकेसाठी येतो. मग वाटलं, चूक काहीच नाही. स्नॉर्केल म्हणजे आपल्याच श्वासनलिकेला जोडलेला जादा तुकडा. हे एकदा ध्यानात आलं की निवडीचे बरेच नियम आपोआप सुटतात.

वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. नळी 40 सेंटिमीटर लांब, आतला व्यास 2 सेंटिमीटर. तीत मावणारी हवा सुमारे 126 मिलिलिटर. मोठा माणूस शांतपणे एका श्वासात साधारण 500 मिलिलिटर हवा घेतो. त्यातली दीडशेच्या आसपास घशात आणि नलिकांतच अडकते, फुप्फुसाच्या कामाची नसते. नळी लावली की तेवढीच आणखी वापरलेली हवा परत आत येते. माझ्या मुलासारख्या पस्तीस किलोच्या पोराचा श्वास जेमतेम 250 मिलिलिटरचा. त्याच्या तोंडी बापाची नळी दिली आणि तो उथळ श्वास घेत राहिला, तर स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा घेत बसेल. म्हणून मुलाला मुलाच्याच मापाची, आखूड आणि कमी हवा मावणारी नळी. आणि मोठा असो वा लहान, श्वास सावकाश आणि खोल.

एका मुलीने विचारलं, "मिस, मग दहा फुटांची नळी घेऊन तळाशीच का बसू नये? सिनेमात बांबूची पोकळ नळी घेऊन लपतात." प्रश्न फार चांगला होता. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की एका वातावरणाइतका जादा दाब पडतो. म्हणजे एका मीटरवरच छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर 100 ग्रॅम वजन. नळीतली हवा मात्र वरच्या, हलक्या दाबाची. बरगड्यांना एवढं ओझं उचलून ती ओढता येत नाही. नळी हातभराची असते ती कंजुषीने नव्हे.

आता प्रकार. मुलाला हवा होता सगळा चेहरा झाकणारा मुखवटा, कारण तो अंतराळवीरासारखा दिसतो. तो मी पहिला बाद केला. त्यात नाक चिमटीत धरता येत नाही, त्यामुळे बुडी मारताना कानावरचा दाब सोडवता येत नाही. आणि घाबरल्यावर तोंडातली नळी थुंकून टाकता येते, पण तो मुखवटा पट्ट्यांसकट उपसावा लागतो. दुसरा प्रकार वरच्या टोकाला तरंगती झडप असलेला. लाट आली की झडप मिटते, पाणी आत येत नाही. नुसतं तरंगत मासे पाहणाऱ्या नवख्याला तो सोयीचा. पण झडप मिटली की हवाही बंद होते, हे आधी माहीत हवं. शिवाय तो वरून जड असतो आणि खाली जाताना पाण्यात अडतो. तिसऱ्यात तोंडाजवळ खालच्या बाजूला पाणी बाहेर टाकणारी झडप. फुंकर मारायला सोपी, पण वाळूचा एक कण अडकला की तीच गळू लागते.

भाल्याने मासा धरू पाहणाऱ्याने मात्र सगळ्यांत साधी नळी घ्यावी. इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली, झडपेविना, मऊ, भडक रंगाची नसलेली. आतून गुळगुळीत हवी; घड्या असलेल्या नळीत पाणी साचून गुडगुडतं आणि मासा आवाजाला बुजतो. तोंडातला भाग सिलिकॉनचा आणि जबड्याच्या मापाचा असावा, नाहीतर अर्ध्या तासात हिरड्या दुखू लागतात. चष्म्यासारखा मुखवटा घेताना तो पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवून नाकाने श्वास ओढायचा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर आपल्या मापाचा. कडेखाली केस किंवा रुमाल आला की पाणी झिरपतं. म्हणजे माझ्यासारखीने डोक्यावरचा रुमाल मुखवट्याच्या कडेबाहेर ठेवायचा, आणि पुरुषांना मिशी कातरायची सुन्नत इथे कामी येते. भावाला हे कळवलं तर तो खूप हसला.

त्याच पानांत पुढे एक सूचना चौकटीत छापली होती. बुडी मारण्याआधी जोरजोरात, भराभर श्वास घेऊ नका. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. भराभर श्वास घेतले की तो वायू निघून जातो, पण प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. मग खाली गुदमरल्यासारखं वाटतच नाही. माणूस काम करत राहतो, प्राणवायू संपत येतो आणि बहुधा वर येताना, पृष्ठभागाच्या जवळच, शुद्ध हरपते. ना धडपड, ना हाक. म्हणून एकाने खाली जायचं तेव्हा दुसऱ्याने वरून नजर ठेवायची, आणि खाली जाताना नळी तोंडातून काढायची.

मी ते पान तीनदा वाचलं. मग अब्बांजवळ जाऊन बसले. "चाचा खाली जाण्याआधी श्वास कसा घ्यायचे?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भात्यासारखा. फस्‌ फस्‌ फस्‌. त्याला वाटायचं, असा दम भरला की जास्त टिकतो. तिसऱ्या खेपेला तर फार वेळ करत होता, असं बोटीवरचे सांगायचे."

"आणि अंगावर जखम?"

"एक ओरखडाही नव्हता. मीच गुसल दिला त्याला."

मी पान वाचून दाखवलं, कोकणीत, अडखळत. हेच घडलं असं मला सिद्ध करता येणार नाही, हेही सांगितलं. पण फिरत्या पंख्याजवळच्या माणसाच्या अंगावर एक खूणही राहू नये, हा प्रश्न चाळीस वर्षांत कुणी कुणाला विचारला नव्हता. शोक करणाऱ्या माणसाला कारणापेक्षा गुन्हेगार लवकर सापडतो. आम्हालाही सापडला होता.

अब्बा त्या रात्री तरावीहनंतर मशिदीत नेहमीपेक्षा बराच वेळ थांबले. दुसऱ्या दिवशी इफ्तारला खजूर हातात धरून त्यांनी विचारलं, "रत्नागिरीचा नंबर असेल का कुणाकडे? तो म्हातारा अजून आहे ना?"

आहे. दोघांचं फोनवर काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दार लावलेलं होतं.

ईदला भाऊ आला. मुलासाठी साधी, लहान मापाची नळी आणली होती. मालवणला मात्र आम्ही लगेच गेलो नाही. आधी मुलाने पोहायला शिकायचं आणि माझंही नाव बायकांच्या वर्गात घातलं गेलं. छत्तिसाव्या वर्षी पाण्यात तोंड घालताना मी जी किंचाळले, ती गोष्ट मुलाने साऱ्या इमारतीला सांगितली. पावसाळा संपल्यावर डिसेंबरात गेलो. मालवणचा तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे भाला घरीच. सिंधुदुर्गाजवळ, कंबरेला तरंगता पट्टा बांधून मी पाण्यावर पालथी झाले. माझा श्वास मला नळीतून मोठ्याने ऐकू येत होता. खाली खडकाजवळ पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे आपल्या कामात होते.

अब्बा होडीत बसले होते. मुलाला सांगत होते, "भात्यासारखा नको रे. सावकाश. सावकाश दम घे."