बर्फ सुटेपर्यंत

दोन-तीन वर्षं वापरलेल्या मायक्रोवेव्हच्या बटणांवर नुसती नजर टाकली तरी त्या घरची सवय मला कळते. ३० सेकंद वाढवणाऱ्या बटणावरची अक्षरं पार पुसलेली, ‘स्टार्ट’ बोटांनी गुळगुळीत झालेलं, आणि ‘पॉवर’ लिहिलेलं बटण मात्र काल शोरूममधून आल्यासारखं कोरं करकरीत. ओव्हन घेतल्यावर घरी येऊन तो शिकवून जाणारी बाई असते ना, जिला सगळे ‘डेमोवाली’ म्हणतात, ती मी. डोंबिवली, कल्याण, ठाणे या पट्ट्यात हेच काम करत आले, आता जोडीला घरी वर्गही घेते. लोकांना माझ्याकडून केक शिकायचा असतो. मी आधी गोठलेली सुरमई मागते. केक बिघडला तर एक केक वाया जातो. मासळीचा बर्फ घाईने सोडवला, तर अख्ख्या घराचं पोट बिघडू शकतं.

कॉम्बिनेशन ओव्हन म्हणजे एका पेटीत बसवलेली तीन यंत्रं. एक मायक्रोवेव्ह, दुसरं वरच्या बाजूची ग्रिलची कॉइल, तिसरं कन्व्हेक्शन, म्हणजे मागची कॉइल आणि गरम हवा फिरवणारा पंखा. कॉम्बी मोड लावला की मायक्रोवेव्हच्या जोडीला ग्रिल किंवा कन्व्हेक्शन चालू होतं. मायक्रोवेव्हमध्ये अन्न तापतं आणि आतली हवा जवळजवळ थंड राहते. कन्व्हेक्शनमध्ये हवाच २०० अंशांच्या वर जाऊ शकते आणि तिच्या वाटेत येईल ते सगळं तापतं: भांडं, झाकण, भिंती, तुमची बोटं. आत्ता या तिघांपैकी कोण चालू आहे, हे बटण दाबण्याआधी स्वतःला विचारायची सवय लागली की निम्मे अपघात तिथेच टळतात.

आता बर्फ. घरगुती ओव्हनमधल्या लहरी २४५० मेगाहर्ट्झच्या असतात, लांबी सुमारे १२ सेंटीमीटर. त्या पाण्याच्या कणांना सारखं इकडून तिकडे वळायला लावतात आणि त्या धडपडीतून उष्णता तयार होते. बर्फातल्या कणांना मात्र वळायला जागाच नसते. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये चढलेल्या माणसाला मागे वळून बघ म्हणण्यासारखं आहे ते. त्यामुळे बर्फ या लहरी फारच कमी शोषतो आणि पाणी भरपूर शोषतं. माशाच्या तुकडीचा एखादा कोपरा आधी सुटला की तिथे पाणी आलं. पाणी आलं की सगळी उष्णता तिथेच खेचली जाते. तो कोपरा शिजून पांढरा पडतो आणि दोन बोटं पलीकडे तुकडी दगडासारखीच असते. फुल पॉवरवर हे हमखास होतं. वेळ कमी करून उपयोग नसतो, ताकद कमी करावी लागते.

डीफ्रॉस्टचं बटण नेमकं तेच करतं. कान देऊन ऐकलंत तर कळेल. साध्या ओव्हनमध्ये थोडा वेळ जड घुमणारा आवाज येतो, मग तो बंद पडतो आणि नुसता पंखा फिरत राहतो. पुन्हा घुमतो, पुन्हा थांबतो. जड आवाज चालू असतो तेवढ्याच वेळात लहरी सुटतात, मधल्या शांततेत उष्णता आपली आपण आत झिरपते. इन्व्हर्टरच्या ओव्हनमध्ये ताकदच कमी होऊन सलग मिळते, म्हणून तो आवाज असा तुटत नाही. ‘मॅडम, मशीन मध्येच बंद पडतंय’ असे फोन मला डीफ्रॉस्टबद्दलच येतात. बंद पडत नसतं हो, काम करत असतं.

माझ्या डेमोतली सुरमई अशी सुटते. थर्माकोलचा ट्रे, प्लॅस्टिकची पिशवी, दुकानाचं रबरबँड, सगळं आधी काढायचं. रत्नागिरीहून, गोव्याहून खोक्यातून मासळी आणणारी मंडळी बरेचदा पिशवीसकटच आत सरकवतात, ते नको. काचेच्या पसरट भांड्यात तुकड्या कडेकडेने गोल लावायच्या, मधली जागा रिकामी. पाठीकडची जाड बाजू बाहेर, पोटाकडची पातळ बाजू आत, कारण फिरत्या ताटलीवर कडेचं जास्त तापतं. तुकड्या एकमेकींवर चढवायच्या नाहीत. ओव्हनने वजन विचारलं तर ते मासळीचं, भांड्याचं धरायचं नाही, आणि शंका असेल तर थोडं कमीच घालायचं. वजनाचा मोड नसेल तर १८० वॅटच्या आसपास ठेवा. ९०० वॅटच्या ओव्हनमध्ये ते २० टक्के होतात. अर्ध्या किलोला साधारण ६ ते ८ मिनिटं. मध्ये बीप वाजेल. ते काम संपल्याचं चिन्ह नव्हे, ‘दार उघड आणि उलटव’ असं ओव्हन सांगतोय. तेव्हा तुकड्या उलटवायच्या आणि भांड्यात सुटलेलं पाणी ओतून टाकायचं. ही पायरी सगळे गाळतात. ते पाणी तसंच ठेवलं तर लहरी माशाऐवजी पाणीच तापवत बसतात आणि तुकडी खालून उकडून निघते. अख्खं पापलेट असेल तर शेपटीवर फॉइलची छोटी पट्टी लावता येते. पण तुमच्या ओव्हनच्या पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच, आणि ती पट्टी भिंतीपासून दोन-तीन सेंटीमीटर लांब राहील अशी.

आणि मग थांबायचं. तुकडीच्या मध्यभागी अजून बर्फाची खडी लागतेय, कडा वाकताहेत, रंग अजून कच्च्या मासळीचाच आहे, तेव्हाच ओव्हन बंद. पाच-दहा मिनिटं झाकून ठेवलं की उरलेला बर्फ कडेच्या उष्णतेने सुटतो. माझ्या मते डीफ्रॉस्टिंगमधलं खरं कसब एवढंच आहे, आणि नेमकं तेच शिकवणं सर्वांत अवघड जातं. वेळ वाचवण्यासाठी घेतलेल्या यंत्रासमोर कुणाला थांबायला सांगितलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं. तेवढ्यात वाटण करा, कोकम भिजत घाला, भाताचं बघा. कामं का कमी असतात?

खिम्याचा गोळा सुटताना कडेचा सुटलेला भाग काट्याने खरवडून बाजूला काढत जावं, नाहीतर तो शिजतो. नारळाचा चव तर आणखी नाजूक. डब्यात दाबून गोठवलेला चव ओव्हनमध्ये कडेने तेलकट होतो आणि मधला गड्डा तसाच राहतो. त्याचं उत्तर ओव्हनमध्ये नाहीच, फ्रीझरमध्ये आहे: चव पिशवीत भरून लाटण्याने पातळ पसरवून गोठवा, लागेल तेवढा तुकडा मोडून थेट कढीत नाहीतर आमटीत टाका. मटारालाही डीफ्रॉस्टची गरज नसते, उकळत्या रश्शात दोन मिनिटांत होतात.

ओव्हनमध्ये बर्फ सोडवलेली मासळी, चिकन, मटण लगेच शिजवायला घ्यायचं. त्याचा काही भाग कोमट झालेला असतो आणि ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. ‘सकाळी डीफ्रॉस्ट करून ठेवते, संध्याकाळी तळते’ हे चालणार नाही. संध्याकाळी तळायचं असेल तर सकाळी फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा आणि ओव्हनला हात लावू नका.

कॉम्बीचा प्रश्न येतो तो भांड्यांत. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ छापलेला प्लॅस्टिकचा डबा फक्त मायक्रोवेव्हपुरता सेफ असतो. कन्व्हेक्शन, ग्रिल किंवा कॉम्बी लागला की तो वितळतो. स्टीलचं भांडं याच्या बरोबर उलट: नुसत्या कन्व्हेक्शनला चालतं, मायक्रोवेव्ह असलेल्या कुठल्याही मोडला नाही. सोनेरी कडेचे कप, ज्यांची हौसेने खरेदी होते, ते मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवतात. मेलामाइनच्या प्लेटा नकोतच. दोन्हीकडे बिनधास्त चालते ती ओव्हनची बोरोसिलिकेट काच, पण तीही फ्रीझरमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये नको आणि तापलेली असताना ओल्या ओट्यावर तर मुळीच नको, तडकते. कंपनीने दिलेला तारेचा स्टँड कॉम्बीत चालतो की नाही हे मॉडेलप्रमाणे बदलतं. त्यासाठी पुस्तिका उघडावी लागते, आणि ती टीव्हीखालच्या खणात पिशवीसकट सापडते.

आणखी एक गोष्ट फक्त याच ओव्हनमध्ये होते. आत्ताच ग्रिलवर पनीर झालं, पाठोपाठ कोलंबी डीफ्रॉस्टला लावली. भिंती अजून तापलेल्या असतात. लहरी बिचाऱ्या हळूहळू काम करतात आणि भिंतींची धग कोलंबीला वरून शिजवून टाकते. दार उघडं ठेवून ओव्हन निवू द्या. पंखा आपोआप फिरत असेल तर तो थांबेपर्यंत मेन स्विच बंद करू नका.

कालचे बटाटेवडे मात्र कॉम्बीवरच गरम करावेत. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये सारण चटका देतं आणि पारी ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. नुसत्या कन्व्हेक्शनमध्ये पारी खुसखुशीत होईपर्यंत सारण कोमटच राहतं. कॉम्बीत दोघांचं जमतं. कोथिंबीर वडी पातळ असते, तिला १८० अंशांचं कन्व्हेक्शन पुरतं. पोळी ओलसर फडक्यात गुंडाळून १५-२० सेकंद, त्यापुढे ती चिवट होते. भाकरीला मायक्रोवेव्ह दाखवूच नये, तिची जागा गॅसच्या आचेवर.

गरम करण्यातही डीफ्रॉस्टचाच नियम: मध्ये थांबून ढवळा. लहरी अन्नात जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर शिरतात आणि आतल्या आत कुठे जास्त, कुठे कमी पोचतात. वरून वाफा येणाऱ्या आमटीच्या मध्यभागी गार जागा सापडते. पूर्ण अन्न ७० अंशांच्या वर गेलं पाहिजे. पिठलं घट्ट, त्याची वाफ आत कोंडते आणि एकदम उसळून छताला लागते, म्हणून चमचाभर पाणी घालून, झाकण सैल ठेवून मध्यम पॉवरवर. उकडीच्या मोदकाचं बाहेरून बोट लावून काही कळत नाही. आतला गूळ केव्हाच उकळलेला असतो. पोराच्या हातात देण्याआधी फोडून बघा. उकडलेलं अंडं सालासकट किंवा सोललेलं अख्खं कधीच आत नको, दातांखालीही फुटतं. तान्ह्याच्या दुधाची बाटली नको. बाटली कोमट लागते आणि आत एखादा घोट पोळणारा असतो. नुसतं पाणी गुळगुळीत कपात उकळीच्या वर तापूनही शांत दिसू शकतं आणि चमचा घालताच अंगावर उडतं, म्हणून आधीच लाकडी चमचा आत ठेवावा. भाताबद्दल मात्र ओव्हनवर भिस्त ठेवू नका. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते कितीही गरम केलं तरी जात नाही. भात शिजल्यापासून तासा-दोन तासांत पसरट डब्यातून फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

आजोबा लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘हे किरण पोटात जातात का हो?’ नाही जात. अमेरिकेत १९४५ मध्ये रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करताना पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली आणि त्यावरून हे यंत्र सुचलं. १९४७ मध्ये बाजारात आलेला पहिला ओव्हन पुरुषभर उंचीचा होता. मॅग्नेट्रॉन बंद झाला की लहरी संपतात, अन्नात काही उरत नाही. दाराच्या जाळीची भोकं मिलिमीटरभर आणि लहर १२ सेंटीमीटरची, म्हणून ती बाहेर पडत नाही. आजोबांना मी उलट सांगते, किरणांची भीती सोडा, दाराची काळजी घ्या.

कारण दाराची कडा वाकली, बिजागरी सैल झाली, दार पूर्ण बसत नसेल तर तो ओव्हन वापरायचा नाही, एक मिनिटसुद्धा नाही. आतल्या एका भिंतीवर राखाडी, पुठ्ठ्यासारखा एक पत्रा असतो. तो अभ्रक. काही जण पॅकिंगचा तुकडा समजून तो उपटून टाकतात, काही जणांकडे त्यावर वर्षभराच्या फोडण्या चिकटलेल्या असतात. मग तिथे जळून ठिणग्या उडतात. तो रोज ओल्या फडक्याने पुसायचा, जळला असेल तर बदलून घ्यायचा. आत आग दिसली तर दार न उघडता स्विच बंद करायचा, हवा मिळाली नाही की ती विझते. प्लग १६ अँपिअरचा आणि अर्थिंगसह. मागचं झाकण तर कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज साठलेली राहू शकते. मेकॅनिकला बोलवा. तो येईपर्यंत सुरमई फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून रात्रभर ठेवा. बर्फ सावकाश आणि सारखा सुटतो, तुकडी कुठेच शिजत नाही. डेमोवाली असूनही सांगते, पाहुणे दारात उभे नसतील तेव्हा मी स्वतः माझी मासळी अशीच सोडवते.