थांबण्याची ताकद

बैठक मारणारा खेळाडू वर कसा उठतो, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मी तो खाली कसा जातो ते बघते. खाली जाताना अंग धपकन सोडून दिलं, की हा खेळाडू मैदानावर कुठे अडखळणार याचा मला बराचसा अंदाज येतो.

मी खो-खोच्या मुलामुलींची ताकद घडवते. या खेळाचा एक नियम माझ्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही. त्याने खांब गाठायचा, नाहीतर खो द्यायचा. पळणाऱ्याला मात्र कुठेही वळता येतं. त्यामुळे भरधाव येऊन एका पावलात थांबणं आणि हूल देऊन उलट निघणं, हे पळणाऱ्याचं सगळ्यात मोठं हत्यार. त्या एका पावलात मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जात असतानाच सगळा जोर लावून शरीराला अडवत असतो. स्नायूच्या या कामाला आम्ही एक्सेंट्रिक म्हणतो. मॅट आल्यापासून त्याची गरज वाढली आहे, हे माझं निरीक्षण. मातीत पाय जरासा घसरतो आणि तेवढा वेग आपोआप जिरतो. मॅटवर बूट जागच्या जागी चिकटतो आणि सगळा भार गुडघ्यावर आणि मांडीवर येतो.

लांबत असताना स्नायू जेवढा जोर पेलतो, तेवढा तो आखडताना लावू शकत नाही. शिवाय त्याला खर्चही कमी येतो. १९५२ साली इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखं पेडल मारायचं, दुसऱ्याने ते फिरतं पेडल नुसतं अडवायचं. दोघांचा जोर सारखाच, पण अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. या प्रयोगाचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा अडवायला बसलेल्या लहानखुऱ्या बाईने पेडल मारणाऱ्या तरुणाला बघता बघता दमवलं.

व्यायामशाळेत आपण नेमकं हेच विसरतो. बारवर किती वजन घालायचं, ते वर उठण्याच्या ताकदीवरून ठरतं. खाली जाण्याची ताकद त्याहून जास्त असल्यामुळे तिला पुरेसं काम कधी मिळतच नाही. ते मिळवून द्यायला महागडी यंत्रं लागत नाहीत. लेग कर्लवर वजन दोन पायांनी वर न्यायचं आणि एकाच पायाने सावकाश खाली सोडायचं. पुलअप येत नसेल, तर स्टुलावर चढून बार धरायचा आणि पाच आकडे मोजत खाली यायचं. बैठकीत खाली जाताना चार-पाच आकडे मोजायचे, वर मात्र झटक्यात यायचं.

या सगळ्यांत माझा जीव आहे तो नॉर्डिकवर. घडी घातलेल्या सतरंजीवर गुडघे टेकायचे, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरायचे. मग गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून पुढे झुकत जायचं आणि मांडीच्या मागच्या स्नायूने, म्हणजे हॅमस्ट्रिंगने, पडणं जमेल तितकं लांबवायचं. शेवटी हात टेकायचे आणि हातांनीच ढकलून परत यायचं. कमरेत वाकलात की व्यायाम संपला, कारण भार हॅमस्ट्रिंगवरून निघून जातो. सुरुवातीला बहुतेक जण अर्ध्यावरच कोसळतात. आठवडे जातात तशी कोसळण्याची जागा जमिनीच्या जवळ जवळ सरकते, आणि हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. डेन्मार्कच्या ५० फुटबॉल संघांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नॉर्डिक करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत ५२. एवढ्या साध्या व्यायामाचा एवढा गुण दुसरीकडे मी पाहिलेला नाही.

मात्र अशा एक्सेंट्रिक व्यायामाची मात्रा जपून द्यावी लागते. पहिल्या दिवसानंतर अंग असं ठणकतं, की मुली जिना कठड्याला धरून उतरतात. चढताना तेवढं दुखत नाही, कारण उतरताना मांडी तेच अडवण्याचं काम करत असते. दुखणं दुसऱ्या दिवशी कळसाला पोहोचतं आणि पालकांचे फोन येतात. म्हणून पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन सेट, बस्स. त्या थोडक्या मात्रेनेही स्नायू सावध होतो आणि पुढचे कित्येक आठवडे तेवढा दुखत नाही. स्पर्धेच्या तोंडावर हा व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्या प्रशिक्षकाशी मी भांडते.

नुसत्या सावकाश उतरण्याने झेप मिळत नाही, हेही मुलांना सांगावं लागतं. हळू कामाने स्नायू भार पेलायला शिकतो, त्याचे तंतू लांब होतात. पण मैदानावर थांबणं आणि उलट निघणं यांत क्षणाचीही उसंत नसते. म्हणून काही आठवड्यांनी मी त्यांना गुडघ्याएवढ्या उंचीच्या ठोकळ्यावरून उतरवते. आधी नुसतं उतरायचं आणि पुतळ्यासारखं थांबायचं, आवाज न करता. ते पक्कं झालं की पाय टेकताक्षणी उडी. हा क्रम उलटा केला तर गुडघे आत वळतात आणि उडीही तोकडी पडते. तालमीत शेकड्याने झपझप बैठका मारणाऱ्या पैलवानांचा दम मला फार मोलाचा वाटतो, पण त्या वेगात खाली जाणं जवळजवळ फुकटात होतं. ताकदीसाठी थोड्या बैठका आणि जड उतार हवा.

माझी खरी लढाई असते ती हंगाम सुरू झाल्यावर. सामने लागले की सगळ्यात आधी नॉर्डिक बंद होतं आणि काही आठवड्यांतच तंतूंची कमावलेली लांबी ओसरायला लागते. ती टिकवायला फार थोडं पुरतं. म्हणून मी प्रशिक्षकांकडे सराव संपल्यानंतरची दहा मिनिटं मागते, आठवड्यातून एकदाच, आणि तीही सामन्यापासून तीन-चार दिवस लांब.