उत्तर द्यायचं, पण कसं?

पालघर जिल्ह्यात धर्मांतराचा विषय निघाला की वातावरण लगेच तापतं. म्हणून यावर लिहायचं टाळत होतो. आज माझीच चूक सांगतो.

मी ख्रिस्ती. तारापूर एमआयडीसीत नोकरी, राहायला पालघर. जेवणाच्या सुट्टीत एका मित्राने सहज विचारलं, "खरं सांग, तुमच्यात पैसे देऊन बाटवतात का रे?" माझं डोकंच फिरलं. उत्तर द्यायचं सोडून मी त्याच्या नवसांवर आणि देवांवर घसरलो. तो काही बोलला नाही. डबा बंद करून उठला. दुसऱ्या दिवसापासून बोईसर स्टेशनवर तो लोकलच्या दुसऱ्या डब्यात चढायला लागला.

तेव्हा मला रेव्हरंड ना. वा. टिळकांचा प्रवास आठवला. 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन होता. त्याने टिळकांच्या धर्माला नावं ठेवली नाहीत. दोघं काव्यावर बोलले, मग धर्मावर. उतरायच्या आधी त्याने नवा करार हातात ठेवला. त्याचं नावही टिळकांना कधी कळलं नाही. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी मात्र तेव्हा घेतला नाही. पुढे संसार पुन्हा एकत्र सुरू झाला तरी टिळकांनी सक्ती केली नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे माहीत आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलंय की आपल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. पहिला भाग आम्हाला पाठ असतो. दुसरा सोयीने विसरतो.

नम्र राहायचं म्हणजे श्रद्धा लपवायची असं नाही. समोरच्याला "नको" म्हणायची मोकळीक द्यायची, एवढंच. पाड्यावर आजारी माणसाच्या घरी तांदूळ घेऊन गेलो, तर त्या वेळी धर्माचं बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला मदतीची गरज आहे तो "नको" कसा म्हणणार?

शेवटी एका संध्याकाळी मीच त्याच्या डब्यात चढलो. म्हटलं, "चुकलं माझं. तुझ्या देवांबद्दल तसं बोलायला नको होतं." उमरोळी येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच." मी म्हणालो, "मला कुणी पैसे दिले नाहीत, मी कुणाला दिले नाहीत. कुणी देत असेल तर ते चूकच." तो म्हणाला, "एवढंच तर विचारलं होतं."

पालघर आलं. दोघं उतरलो, टपरीवर चहा घेतला. आता पुन्हा एकाच डब्यात असतो. तो वारीबद्दल सांगतो, मी ऐकतो. कधी तो विचारतो, मी सांगतो.

मत वेगळं असेल तर खाली जरूर लिहा. या वेळी नीट उत्तर देईन.