बरे झाल्यानंतरची फाईल

हॉजकिन्सचा आजार बहुधा बरा होतो, असे २०१४ साली परळच्या टाटा रुग्णालयात डॉक्टरांनी आम्हां पतिपत्नींस सांगितले, तेव्हा आमचा मुलगा चौदा वर्षांचा होता. मानेतील गाठ मुळीच दुखत नसे. रात्री अंथरूण घामाने भिजे, एवढेच.

लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली या रोगाचे वर्णन केले. इलाज मात्र त्यांच्यापाशी नव्हता. पुढे १९७० च्या दशकात मिलानच्या बोनादोन्ना यांनी चार औषधांचा ‘एबीव्हीडी’ हा उपचार बसवला. त्याआधीच्या औषधांनी रोगी वाचत, परंतु पुष्कळांचे अपत्यसुख हिरावले जाई. आमच्या मुलास ही नवी औषधे मिळाली, दर पंधरवड्यास एकदा, सलाईनमधून.

उपचार संपवून तो तारकर्लीस परतला. सणाच्या मिस्सेनंतर शेजारच्या मावशींनी विचारले, “बरो झालंस मा? मगे परत मुंबयक कित्याक?” प्रश्न रास्तच होता. पण या चारांपैकी अ‍ॅड्रियामायसिन हृदयाच्या स्नायूस, तर ब्लिओमायसिन फुप्फुसांस इजा करू शकते; हृदयाची इजा तर कित्येक वर्षांनीही उघडकीस येते. छातीवर किरणोपचार झालेल्यांस थायरॉइडचीही काळजी घ्यावी लागते. बालपणीच्या कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी टाटामध्ये १९९१ साली निराळे क्लिनिक सुरू झाले, ते याच कारणाने.

शाळा संपली आणि त्याचे सोबती पर्यटकांना समुद्राखाली नेऊ लागले. स्कूबाने आमच्या किनाऱ्यावर अनेक घरांच्या चुली पेटवल्या आहेत. यालाही तेच करायचे होते. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो, आणि श्वासातील प्राणवायूचाही दाब तितकाच वाढतो. ब्लिओमायसिन घेतलेल्या फुप्फुसांना तो सोसेलच असे नाही. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. रापणकाराच्या नातवाला समुद्र वर्ज्य! दोन दिवस तो कोणाशीही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आजोबाच त्याला वाळूत घेऊन बसले. काय बोलणे झाले, ते आम्हांस आजतागायत कळलेले नाही.

हल्ली तो बोट चालवतो. सोबती खाली उतरतात, हा वर इंजिन सांभाळतो. सुकाणूजवळच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद असतो. त्यावर चारही औषधांची नावे आणि एकूण मात्रा आहे. उद्या साध्या अपेंडिक्ससाठी जरी भूल द्यावी लागली, तरी भूलतज्ज्ञाने प्राणवायू जपून द्यावा, यासाठी. असा कागद प्रत्येक रुग्णास मराठीतही मिळावा, असे मला वाटते. आमचा मी हाताने लिहिला आहे.

हृदयाची पुढची तपासणी पावसाळ्यात, बोटी वर ओढल्यावर.